माझ्या टोपलीतून पडलेला दाखला

मी एक जुनी निळी सायकल आहे, मित्रांनो. श्रियाला आठवीत असताना मी शाळेतून मिळाले. पाच वर्षं मी तिला रोज शाळेत नेलं आणि सुखरूप घरी आणलं. बारावीनंतर ती कोल्हापूरला शिकायला गेली आणि मी मांगराच्या, म्हणजे घरामागच्या खोपटाच्या, भिंतीला टेकून राहिले. टायरांतली हवा गेली. टोपली गंजली. कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या.

मला पुन्हा उजेडात आणलं ते श्रियाच्या आईने, सत्यवतीने. तिची शाळा नववीनंतर सुटली होती. मुलीच्या पुस्तकांना कव्हर घालताना ती तीच पुस्तकं वाचत बसायची. आता तिने दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं होतं. शेजारच्या नर्मदा आणि रुक्मिणीच्या घरीही माझ्यासारख्याच सायकली पडून होत्या. उन्हाळ्यात तिघी रिकाम्या शेतात सायकल शिकल्या. सत्यवती दोनदा पडली, मनगट सुजलं. तिचा नवरा गुरुदास म्हणाला, आता पुरे. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यावर बसली.

परीक्षेचा फॉर्म मोबाईलवर भरून झाला होता. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र सावंतवाडीतल्या एका शाळेत द्यायचा होता. शेवटच्या दिवशी नेमकी सकाळची एसटी आली नाही. गुरुदास मोटारसायकल घेऊन कुडाळला कामावर गेलेला. फोनवर तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. सत्यवतीने फोन ठेवला, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टोपलीत ठेवला आणि मैत्रिणींना हाक मारली.

रस्ता नऊ किलोमीटरचा. चढावर तिघी उतरून आम्हाला ढकलत चालल्या, उतारावर मात्र ओरडत सुटल्या. शाळेचं ऑफिस उघडायला अजून तास होता. मग त्यांनी चितारआळीतल्या खेळण्यांच्या दुकानात लाकडी फळं हातात घेऊन पाहिली, मोती तलावाला फेरी मारली, राजवाड्यासमोर फोटो काढले. कॉलेजच्या फाटकाशी थांबून आत जाणाऱ्या मुलामुलींकडे सत्यवती कितीतरी वेळ बघत राहिली. इतक्या वर्षांत ती इथे बाजाराला आणि दवाखान्यात आली होती, शहर बघायला आजच आली.

ऑफिसच्या दारात मला उभं करून तिने टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती. तळाची गंजलेली तार तुटून भोक पडलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

"मूळ दाखल्याशिवाय घेता येणार नाही," कारकून म्हणाला. "मी एक वाजेपर्यंत आहे, शोधून या."

आल्या वाटेने आम्ही परत निघालो. कॉलेजच्या फाटकाशी नाही, राजवाड्यासमोर नाही. तलावाच्या कठड्यावर सत्यवती मटकन बसली.

"माझ्या नशिबातच नाय गो. घराक जावया."

नर्मदा तिच्यासमोर उभी राहिली. "शेतात पडलंस तेव्हा घराक गेलंस? ऊठ. चितारआळी अजून रवली आसा."

चितारआळीत ज्या दुकानात त्या थांबल्या होत्या, तिथले दुकानदार भाई खेळण्यांना रंग देत बसले होते. तिघींचे चेहरे बघून ते काही न विचारता उठले. एका मोठ्या लाकडी अननसाखालून त्यांनी पिशवी काढली.

"हो दाखलो तुमचो काय? रस्त्यार पडलेलो. उडान जायत म्हणान ठेवलंय."

सत्यवतीने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. या वेळी तिने पिशवी पदरात घट्ट बांधली आणि असं काही पायडल मारलं की माझी चेन करकरू लागली. एक वाजायला दहा मिनिटं असताना दाखला जमा झाला.

संध्याकाळी गुरुदासने पोचपावती दोनदा वाचली. मग पक्कड आणि तार आणून तो माझ्याजवळ बसला. टोपली बांधली, चेनला तेल दिलं.

"रविवारी शिकवणीक जातलंस तेव्हा पयले ब्रेक बघ, मगे जा," तो म्हणाला.

आता दर रविवारी आम्ही सावंतवाडीला दहावीच्या शिकवणीला जातो. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही, पण सत्यवती चढावर आता उतरत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे एखादी सायकल पडून असेल. तिला हवा भरा, तेल द्या, तिचे गंजलेले भाग वेळेवर दुरुस्त करा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, तुम्हाला कुठे जायचं राहून गेलंय का?