मोजणारा मागे चालतो

बेटावर पायवाटांचं एक खातं होतं आणि त्या खात्यात घड्याळबुवा होता. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने वळूनही पाहिलं नसतं. रानातल्या प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी एक पाटी असायची आणि तिच्यावर ‘चढायला इतका वेळ’ असं लिहिलेलं असायचं. तो वेळ याने मोजलेला. अकरा वर्षांत एका मिनिटाचीही चूक नाही, आणि हे तो दिवसातून एकदाच सांगायचा, एवढा त्याचा विनय.

खात्याची रीत मात्र शहाणपणाची होती. वेळ मोजायचा तो कुणा पैलवान गड्याचा नाही, तर साठी ओलांडलेल्या आणि कधीही डोंगर न चढलेल्या माणसाचा. तो माणूस पुढे, मोजणारा मागे. मोजणाऱ्याने हात द्यायचा नाही, घाई करायची नाही आणि वर काय आहे ते अजिबात सांगायचं नाही, कारण आमिष दाखवलं की माणूस उसन्या जोरावर चालतो. तीन तासांच्या आत माथा आला तर हिरवी पाटी, वाट सगळ्यांना खुली. त्यावर एक मिनिट गेलं तरी लाल पाटी, फाटकाला कुलूप, आणि मग फक्त तगड्या लोकांनी वाटाड्याला घेऊन जायचं.

माथ्याची नवी वाट घड्याळबुवाने स्वतः आखली होती. दोन वर्षं वेली छाटल्या, दगड बसवले, हाताला घट्टे पाडून घेतले. वर जे होतं ते त्याने पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं की हे बंदरावरच्या साध्या माणसांना दिसलं पाहिजे. ती बेटावर जन्मतात, बेटावरच म्हातारी होतात, आणि वर मात्र बाहेरून आलेले तगडे पाहुणे वाटाड्याबरोबर जाऊन येतात. हिरव्या पाटीसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

अडचण एकच होती. एका माणसावर एकच वाट मोजता यायची, आणि ओळखीतले सगळे म्हातारे वापरून संपले होते. चपला शिवणारे काका झाले, निवृत्त गुरुजी झाले, बायकोचा मामा तर कुरकुर करत का होईना, पण झाला. उरल्या सासूबाई.

सासूबाईंची बंदराच्या गल्लीत लाँड्री. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, इस्त्री करून परत पाठवायच्या, असं एकोणपन्नास वर्षं चाललेलं. तोंडाचा पट्टा इस्त्रीपेक्षा गरम. पोटात काही राहायचं नाही. मुलीचं लग्न ठरल्याचं नवऱ्या मुलाला कळायच्या आधी गल्लीला कळलं होतं, आणि तो नवरा मुलगा म्हणजे घड्याळबुवाच.

“वर आहे काय?” त्यांनी शर्टाची कॉलर दाबत विचारलं.

“सांगता येत नाही, आई. नियम आहे.”

“झाडंच असणार. बेटावर दुसरं काय असतं?” त्या म्हणाल्या. “बरं, येते. पण चादरी तुमच्या बायकोने बघायच्या.”

शनिवारी सकाळी सहाला ती दोघं समुद्रसपाटीवरून निघाली. घड्याळबुवाने स्टॉपवॉच सुरू केलं आणि तोंडाला कुलूप लावलं. सासूबाईंनी तसलं काही केलं नाही. केवड्याच्या बनातून त्या बोलत गेल्या, ओढ्यावर थांबून बोलल्या, एका खेकड्याशीही बोलल्या. कोणत्या हॉटेलच्या चादरीवर कसले डाग असतात हे साग्रसंगीत ऐकताना मागे जावयाच्या नाकी नऊ आले. मिनिटं पळत होती, आणि ‘चला’ एवढं म्हणायचीही त्याला सोय नव्हती.

दीड तासानंतर झाडाएवढे नेचे लागले. त्यांच्या पानांतून येणारा उजेड हिरवा होता, आणि सासूबाईंचे हातसुद्धा हिरवे दिसत होते. त्या स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या. त्याच्याही वर ढगांचं रान होतं. तिथे खोडं, फांद्या, दगड सगळं शेवाळाने मढलेलं, पाऊस नाही तरी पानापानावरून थेंब गळतायत, आणि कुठून तरी एकच पक्षी दोन सूर लावून थांबतोय. इथे सासूबाई गप्प झाल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लग्नानंतरच्या बारा वर्षांत असं झालं नव्हतं, म्हणून घड्याळबुवा घाबरला. छातीत दुखत असेल का?

मग एका चपट्या दगडावर त्या बसल्या. दोन तास चौतीस मिनिटं झाली होती. वर फक्त एकशेदहा पायऱ्या उरल्या होत्या, पण धुक्यात त्या दिसत नव्हत्या.

तेवढ्यात खालच्या बाजूने ढग फाटला. एकदम तळाशी बंदर दिसलं. नखावर मावतील अशा बोटी, गल्लीची बारीक रेघ, आणि त्या रेघेवर एक पांढरा ठिपका.

“ते काय हो?”

खालचं सांगायला नियमाची आडकाठी नव्हती. “तुमची गच्ची, आई. कालच्या चादरी.”

“एवढीशी?” सासूबाईंचा आवाज बदलला. “एकोणपन्नास वर्षं मी त्या ठिपक्यात उभी आहे? आणि हे एवढं सगळं माझ्या पाठीमागे होतं?” त्यांनी डोळे पुसले. लाजल्याबिजल्या नाहीत. “बास. मन भरलं. उतरू या.”

घड्याळबुवाने घड्याळाकडे पाहिलं. दमल्या असत्या तर बसून उठल्या असत्या. मन भरलेल्या माणसाला कसं उठवायचं? वर अजून आहे, एवढे तीन शब्द. ते त्याच्या जिभेवर आले आणि त्याने दात आवळले. दोन एक्केचाळीस झाले. त्याने बुटांची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

सासूबाई त्याच्याकडे निरखून बघत होत्या. “जावईबापू, भाजीत मीठ नसलं तरी तुम्ही ‘छान’ म्हणता, तेव्हा तुमचं तोंड असंच होतं. वर आणखी काहीतरी आहे.”

त्याने नाडीवरून नजर उचलली नाही.

“आहेच,” म्हणत त्या गुडघ्यावर हात दाबून उठल्या.

एकशेदहावी पायरी चढून त्या ढगातून बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. चारही बाजूंना समुद्र होता. समोर, पाठीमागे, डावीकडे, उजवीकडे, जिकडे मान वळवावी तिकडे निळं पाणी, आणि त्याच्या मधोमध त्यांचं बेट, पहिल्यांदाच आख्खं. कडेने फेसाची पांढरी किनार सगळीकडून फिरून पुन्हा स्वतःला मिळत होती. सासूबाई हळूहळू जागच्या जागी वळल्या, पूर्ण एक फेरी. मग त्यांनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

घड्याळबुवाने ते पाणी पुष्कळदा पाहिलं होतं. तो सासूबाईंकडे बघत होता. या कर्कश बाईचा चेहरा इतका लहान मुलीसारखा होऊ शकतो, हे त्याला माहीत नव्हतं.

भानावर आल्यावर त्याने हातात पाहिलं. तीन तास एकोणीस मिनिटं, आणि घड्याळ पळतच होतं. बटण दाबायचं राहून गेलं होतं.

“किती झाले?” सासूबाईंनी विचारलं. त्याने सांगितलं.

“मग लिहा की दोन पंचावन्न. कोण बघतंय?”

बहुधा तेवढेच झाले होते. पण ‘बहुधा’ त्याने अकरा वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. त्याने वही काढली आणि लिहिलं: मोजणी फसली. कारण, मोजणारा बघत राहिला. मोजणी होईपर्यंत वाटेला लाल पाटीच लागणार होती. नवा माणूस आणणार कुठून?

“माझी धाकटी बहीण आहे ना,” सासूबाई म्हणाल्या. “गेल्याच महिन्यात साठ पूर्ण झाली तिला. डोंगर तिने चित्रातच पाहिलाय.”

“पण आई, तिला काही सांगायचं नाही. वर काय आहे ते.”

सासूबाईंनी फक्त मान डोलवली, आणि घड्याळबुवाने मनातल्या मनात हात टेकले. दोन दिवसांत गल्लीभर होणार हे ठरलेलंच.

घरी पोचताच मुलीने विचारलं, “काय होतं गं वर?”

“झाडं,” सासूबाई म्हणाल्या आणि इस्त्रीला लागल्या. आठवडाभर गिऱ्हाइकांनी विचारलं, शेजारणींनी खोदून खोदून विचारलं. उत्तर तेच.

पुढच्या शनिवारी धाकटी पुढे, घड्याळबुवा मागे आणि त्याच्याही मागे सासूबाई, रुमाल दातात धरून. धाकटी त्याच दगडावर बसली, तेच बंदर पाहिलं, तशीच विरघळली. दोन तास अडतीस मिनिटं.

“ताई, तू जाऊन आलीस ना? वर काय आहे?”

सासूबाईंनी रुमाल काढला. “झाडं.”

धाकटीने साठ वर्षांच्या ओळखीच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“झाडांसाठी रडतेस होय?” असं म्हणून धाकटी उठली आणि पायऱ्या चढू लागली.

शेवटच्या पायरीवर घड्याळबुवाने नजर घड्याळावर खिळवली होती. पुढे धाकटीच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. त्याने बटण दाबलं. दोन तास बावन्न मिनिटं. ती वहीत उतरवली, वही खिशात घातली, आणि मग त्याने मान वर केली. दोघी बहिणी हातात हात धरून, एक अक्षर न बोलता, जागच्या जागी हळूहळू वळत होत्या.