मुकादमिणीची वही

आहारतज्ज्ञ बाईंनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि काट्यावरचा आकडा दुसऱ्यांदा पाहिला. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. वहीत एकवीस दिवसांचं खाणं वेळेसकट नोंदलेलं, एक खाडाखोड नाही. आणि मुलगी मात्र तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा हलकी झालेली. वजन आणखी उतरलं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मग कॉलेजचं वर्ष गेलंच म्हणायचं, आणि बाकी काय काय जाईल ते कुणी बोलत नव्हतं.

मुलगी एकोणीस वर्षांची. काट्यावरून उतरून ती खुर्चीच्या कडेला बसली होती. शेजारी तिचे वडील. ते शिंपी. वर्षभरात तिचे कपडे त्यांनी तीनदा शिवण आत घेऊन लहान केले होते, तिन्ही वेळा काही न बोलता.

बाईंची पद्धत त्यांच्या पचनी पडत नव्हती. माणसाच्या आत एकच जण नसतो, असं बाई म्हणत. एक खायला मागणारी असते, एक घाबरणारी असते, एक नको म्हणणारी असते. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, हाकलायचं कुणालाच नाही. नको म्हणणारीचं नाव मुलीनंच ठेवलं होतं, मुकादमीण. खाण्याआधी आत कोण काय बोललं, तेही वहीत लिहायचं. घरी एकीची समजूत घालताना नाकी नऊ येतात, आता किती जणींची घालू, असं वडील पहिल्या दिवशी म्हणाले होते. त्यावर मुलगी हसली होती. तेवढ्या हसण्यावर ते दर आठवड्याला येत राहिले.

हीच वही बाईंनी पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांना कौतुकानं दाखवली होती. आता त्यांना स्वतःचाच राग आला. इतकं टापटीप आणि वेळच्या वेळी काम त्या मुलीच्या आत एकीलाच जमण्यासारखं होतं.

“ही वही मुकादमिणीनं लिहिलीय ना?”

मुलीनं मान खाली घातली. न खाताच लिहिलं, हे तिनं अडखळत कबूल केलं. वडील काही बोलणार तोच बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

“तिला सांग, काम चोख केलंस. दमली असशील. आणि विचार, वय काय तिचं?”

मुलीनं डोळे मिटले. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

“अकरा.”

मग ती सांगत गेली. त्या वर्षी आई चार महिने दवाखान्यात होती. धाकटा भाऊ सारखा खायला मागायचा. बाबा दुकान आणि दवाखाना करून उशिरा यायचे. मुकादमीण भावाला वाढायची, बाबांचं ताट झाकून ठेवायची आणि आपलं झालंय म्हणून सांगायची. कधीकधी सगळ्यांना पुरायचं नाही. पोटात कावळे ओरडत, पण त्यांना गप्प करता येतं हे तिला तेव्हाच कळलं, आणि त्यात तिला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. पुढे आई बरी होऊन घरी आली. मुकादमीण मात्र कामावरून उतरली नाही, कारण उतर म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वडिलांचा चेहरा उतरला. शहाणी माझी ती, असं म्हणत ते त्या ताटावरचं झाकण काढत असत. अकरा वर्षांच्या पोरीनं घर सांभाळलं, हे ते अजून सांगत. गेल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, तेही अभिमानानं. आता त्यांना त्याचंच वाईट वाटलं. मांडीवरची पिशवी त्यांनी खाली ठेवली.

बाई पुढचं विचारणार, तेवढ्यात तेच बोलले. लहान पोरीशी बोलावं तसे किंचित वाकून.

“बाळ, तिला विचार, ती जेवली का?”

मुलीनं पुन्हा डोळे मिटले. वडील तसेच वाकून राहिले.

“नाही म्हणतेय,” ती शेवटी म्हणाली. “बाबा, तुम्ही आधी जेवून घ्या म्हणतेय.”

“सांग तिला, आज मी तिच्यासाठी थांबलोय.”