टीचर एदेचा पाठ

"मग 'ब्रीफ' आणि 'टेम्पररी' यांत फरक काय, टीचर?" पहिल्या बाकावरच्या रॉबिनने विचारलं. त्याचं खरं नाव वेगळंच होतं, पण फिलिपिन्समधल्या बागियोच्या या शाळेत इंग्रजी शिकायला येणारी कोरियन पोरं विमानातून उतरली की एकेक इंग्रजी नाव लावून घेत.

एदेलिसा खूश झाली. हवा तोच प्रश्न, हव्या त्याच वेळी! शाळेचे मालक मिस्टर सोक मागच्या बाकावर येऊन बसले होते, आणि आजचा पाठ पाहून तिला कायम करायचं की नाही, ते ठरवणार होते.

"ब्रीफ म्हणजे थोडाच वेळ टिकणारं," ती म्हणाली. "टेम्पररीत वेळ कितीही असू दे, ते संपणार एवढं आधीच ठरलेलं असतं."

दहा वर्षं ती इथं शिकवत होती, पण पाच-पाच महिन्यांच्या तुकड्यांनी. सहा महिने भरले की कायद्याने माणूस कायम होतो, म्हणून शाळा कुणाचे सहा महिने भरूच देत नसे. घरी बसवायचं आणि पुन्हा बोलवायचं. दर वेळी पोलिसांचा नवा दाखला, छातीचा नवा एक्स-रे. जणू मधल्या काळात बाई दरोडे घालून क्षय घेऊन आली असेल! आज सकाळी आईने तिचा ब्लाउज स्वतः इस्त्री करून दिला होता. "कायम होऊनच ये गं," ती म्हणाली होती. "मला एकदा शेजारणीला ऐकवू दे."

"छान," मागून मिस्टर सोक म्हणाले. "आता या खोलीतल्याच कशावर तरी टेम्पररीचं वाक्य करा बघू."

रॉबिनने खुर्च्या पाहिल्या, खिडकी पाहिली. मग त्याचा चेहरा उजळला. "टीचर एदे टेम्पररी आहेत!"

वर्ग खो खो हसला. पोरगं वाईट नव्हतं. कुणाचा करार कधी संपतो हे पोरांना ठाऊकच असायचं, निरोपाचा केक पोरंच तर आणायची.

एदेलिसाचे कान तापले. "दहा वर्षं झाली मला इथं. हे उदाहरण नको. दुसरं सांग."

"पण वेळ कितीही असू दे, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"बरोबर आहे त्याचं," मिस्टर सोक गोड हसले. "पोरांचा गोंधळ करू नका, मिस. चांगलं वाक्य आहे. फळ्यावर लिहा आणि सगळ्यांकडून म्हणून घ्या." हातातल्या कागदावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि पेनाचं टोपण लावलं.

जागा गेली, हे तिला कळलं. डस्टर उचलून त्यांच्या टाळक्यात घालावंसं वाटलं. पण पुढचे पाच महिनेही याच माणसाच्या हातात होते. तिने वाक्य लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि पट्टीने एकेका शब्दाखाली खूण करत गेली.

"टीचर एदे टेम्पररी आहेत," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"'र' नीट येत नाहीये," ती म्हणाली. "जीभ टाळूला लावू नका. हं, पुन्हा एकदा. मोठ्याने."