पनवतीचं स्टूल

शनिवारी आम्ही जिंकलो आणि रविवारी हरलो. आम्ही म्हणजे आमचा फुटबॉल क्लब. मी आयुष्यात चेंडूला धड लाथ मारलेली नाही, तरी आम्हीच. माझी बायको म्हणते, अकरा माणसं तिकडे धावतात आणि घाम तुला फुटतो. खरं आहे. हरल्यावर जेवण मलाच जात नाही.

पण हे दोन दिवस माझ्या मनात राहतील ते क्लबमुळे नाही, बाबांमुळे.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलत बसले. आता दुकान मी चालवतो, म्हणजे सेल बदलतो आणि पट्टे विकतो. फुटबॉलचं वेड मला त्यांनीच लावलं. आणि गेल्या अकरा वर्षांत त्यांनी आमच्या क्लबचा एकही सामना पाहिलेला नव्हता.

झालं ते असं. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते दुकान बंद करून घरी आले, दारात बूट काढायला वाकले, आणि नेमका तेव्हाच आमच्यावर गोल झाला. ते हात धुवायला आत गेले, आम्ही बरोबरी केली. टॉवेलला हात पुसत बाहेर आले, लगेच दुसरा गोल. माझी थोरली बहीण, ताई, हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही पनवती आहात." सगळे हसलो. सगळ्यांत जास्त बाबा हसले, आणि आत जाऊन ओट्याजवळच्या स्टूलवर बसले. तो सामना आम्ही जिंकलो.

मग काय, तीच रीत पडली. सामना सुरू झाला की बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. मनगटावर घड्याळ, हातात पेन्सिल, मांडीवर जुन्या कॅलेंडरचं पान. आम्ही बाहेर ओरडलो की ते मागच्या कोऱ्या बाजूवर मिनिट लिहायचे. सामना संपला की जेवणाच्या टेबलाशी येऊन चौकशी सुरू. "चौतिसाव्या मिनिटाला काय झालं?" मग मी चमचे मांडायचो. चमचे खेळाडू, मिठाची बाटली गोलकीपर, आणि वाटाण्याचा दाणा चेंडू. कुणी कुठून धावलं, कुणाला चकवलं, सगळं करून दाखवायचो. बाबा मान डोलवायचे. मी सांगतो झकास, असं सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

शनिवारी सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेलाय, डाव्यातून नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, गोल गोल बोलल्या नाहीत. थेंब चालू ठेवा म्हणाल्या, पण हाही डोळा वर्षभर टिकेल असं मी सांगणार नाही. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. आम्ही परत निघालो. अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "ताईला इतक्यात सांगू नकोस. आणि उपांत्य सामना किती वाजता आहे?"

दुपारी ते आपणहून आत जाऊन बसले. आम्ही पेनल्टीवर जिंकलो. जीव टांगणीला लागला होता, पण जिंकलो. बाबांच्या कागदावर नऊ आरोळ्या होत्या आणि नऊच्या नऊ मी चमच्यांवर खेळून दाखवल्या.

रविवारी अंतिम सामना. ताई नेहमीसारखी लवकर आली. सामन्याला पाच मिनिटं असताना बाबा खोलीतून बाहेर आले. घोटून दाढी केलेली, गळ्यात क्लबचा जुना मफलर. त्यांनी आतलं स्टूल उचलून आणलं आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर ठेवलं.

"आज मी इथे बसतो," ते म्हणाले.

"बसा ना, बाबा," बायको म्हणाली. दवाखान्यातलं सगळं तिला मी रात्रीच सांगितलं होतं.

 ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं, तिला मी दोष देत नाही. मला सगळं माहीत होतं. आणि मी काय म्हणालो?

"बाबा, काल कसेबसे वाचलोय. आजचा दिवस आत बसा की. पुढच्या वर्षी बघा."

ते क्षणभर माझ्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, "हो, तेही बरोबर आहे." स्टूल उचललं, दाराच्या चौकटीला एकदा आपटलं, सावरलं आणि दार लोटून घेतलं.

दार लागलं तेव्हा मी काय बोलून बसलो ते माझ्या डोक्यात शिरलं. पुढच्या वर्षी बघा! मी उठू शकलो असतो. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. पण शिट्टी वाजली होती आणि मी बसून राहिलो. बायको उठली आणि सामना संपेपर्यंत त्या खोलीत आली नाही.

एकतिसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, आणि मनात म्हणालो, बघा, बाबा आत आहेत म्हणूनच. इतका मी नालायक. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्यांनी बरोबरी केली. ब्याण्णवाव्या मिनिटाला त्यांच्या सात नंबरवाल्याने लांबून मारला आणि सगळं संपलं. ताईने टीव्हीचा आवाज बंद केला.

दार हळूच उघडलं. बाबा कागद हातात घेऊन उभे होते.

"मी आतच होतो रे," ते म्हणाले. "पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही."

मला रडू फुटलं. सामना हरल्यावर मी लहानपणी रडलो असेन, हे तसलं नव्हतं. अकरा वर्षं आम्ही थट्टा करत होतो आणि हा माणूस आत बसून पहारा देत होता. ताई घाबरून माझ्याकडे बघायला लागली, मग बायको तिला बाजूला घेऊन गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आतून ताईचे हुंदके ऐकू यायला लागले.

बाबा टेबलाशी बसले. "शेवटी फार शांत झालात. काय झालं?"

मी चमचे मांडले. सात नंबरवाला, आमचे दोघं आडवे, मिठाची बाटली. वाटाणा ढकलला. बाबांनी तो शोधायला टेबलावर हात फिरवला तेव्हा मला कळलं की कालही आणि त्याच्या आधीही त्यांना तो दिसत नसणार. बायको दारातून म्हणाली, "पुरे झाले चमचे. रेकॉर्डिंग आहे ना? लाव."

मी स्टूल टीव्हीसमोर ठेवलं आणि शेजारी जमिनीवर बसलो. हरलेला सामना बाबांनी पहिल्या शिट्टीपासून पाहिला. चेंडूमागे सगळी मान फिरवत होते. आमचा गोल झाला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर एवढ्या जोरात थाप मारली की मी कळवळलो. नव्वद मिनिटं झाली, आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"कुठे निघालात?"

"आता तो गोल होईल ना. आत जातो. बघ, काही फरक पडतो का."

ते हसत होते. मला हसता आलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं, घड्याळासकट, आणि खाली बसवलं. सोडलं नाही. सात नंबरवाल्याने चेंडू छातीवर घेतला, खाली पडू दिला, आणि मारला. चेंडू बाहेर जातोय असं वाटेपर्यंत गेला आणि वळून वरच्या कोपऱ्यात शिरला.

"पुन्हा दाखव," बाबा म्हणाले. मी दाखवला. त्यांनी तिसऱ्यांदा मागितला, तोही दाखवला.

"काय देखणा मारलाय," ते म्हणाले. "चमच्यांवर एवढं कळत नाही रे."