पिठीसाखरेचं झाकण

जिंतुरात महानंदाबाईंच्या दोन गोष्टींचा बोलबाला होता. एक म्हणजे त्यांच्या हातची बालुशाही, आणि दुसरी म्हणजे दुसऱ्याच्या हातचं काहीही नावं ठेवल्याशिवाय घशाखाली न उतरवणारी त्यांची जीभ. त्या पंगतीला बसल्या की आचारी मागच्या दारानं सटकायचा. पाक कच्चा राहिला, तूप जुनं वापरलं, वेलदोडा काय मोजून टाकला का, एक ना दोन. स्वतः रांधताना मात्र त्यांनी जन्मात कधी चाखून पाहिलं नव्हतं. गळ्यातल्या लिंगाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही, ही सासूची शिकवण. मीठ हाताला कळतं, असं त्या तोऱ्यात सांगायच्या.

दीड वर्षापूर्वी त्यांना आठ दिवस ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती काही आली नाही. साखर, मीठ, कारलं, सगळं तोंडात सारखंच. सांगणार तरी कुणाला? मालक शिवाप्पा तीन वर्षांमागं लिंगैक्य झालेले, देवाघरी गेलेले, आणि एकुलती एक शिवानी नोकरीपायी जर्मनीत, हॅम्बर्गला. घरात भांडायलासुद्धा माणूस नव्हतं.

शिवानीला फोनवर सांगता आलं असतं. पण त्याच सुमाराला रविवारचा खेळ सुरू झाला होता. तिच्या शहरात जगभरची माणसं, आणि प्रत्येकाचा आपापला डोनट. शनिवारी शिवानी एका देशाचा डोनट विकत आणायची आणि तो कसा दिसतो, कशात घोळतात, आत काय भरतात ते आईला कळवायची. महानंदाबाई तसाच इकडं तळायच्या. रविवारी दुपारी दोनला, म्हणजे तिकडच्या सकाळी, दोघी फोन समोर ठेवून एकदमच पहिला घास घ्यायच्या. जर्मनीचा मुरंबा भरलेला झाला, हॉलंडचा मनुके घातलेला झाला, स्पेनचा काडीसारखा लांबडा झाला. तुर्कस्तानचा पाहून महानंदाबाई म्हणाल्या, हे तर आपलं गुलगुलं, पाकात पडलेलं. तिकडच्यात अंडं असतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि शिवानीनं कधी सांगितलं नाही.

"कसा लागायलाय, आई?"

"लय झकास हाय," त्या दर रविवारी म्हणायच्या.

खोटं बोलायची हौस नव्हती त्यांना. पण या खेळाआधी लेकीचा फोन दोन मिनिटांत आटपायचा. जेवलीस का, गोळी घेतली का, ठेवू का. डोनटपायी तो तासभर चालायला लागला होता. आईला चवच नाही म्हटल्यावर कसला खेळ आणि कसला तास? पुन्हा गोळी घेतली का, ठेवू का. आठवड्यातला तेवढा एक तास महानंदाबाईंना जपायचा होता, बाकीचे सहा दिवस त्या त्याच तासाच्या आशेवर ढकलायच्या.

दसऱ्याच्या आवराआवरीनंतर ताडकळसच्या, ओळखीतल्या दत्तरावांचा मुलगा बालाजी शिकायला हॅम्बर्गलाच निघाला. आईच्या हातचा डोनट लेकीनं खरोखर खावा, असा योग कधी यायचा? महानंदाबाईंनी मैद्यात तुपाचं मोहन घातलं, दही घातलं, मंद आचेवर आठ दिवस टिकतील असे तळले. वरून पिठीसाखर पेरली. लिंगाला नैवेद्य दाखवला आणि पाच डोनट डब्यात भरून बालाजीच्या हवाली केले. उरलेल्या दोनांतला एक त्यांनी स्वतः खाल्ला, आणि एक शेजारच्या चतुराबाईला दिला. असलं वडं साखरेत कुठं घालतेत काय, म्हणत ती घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी बशी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"वैनी, राग नका मानू. पण त्यात नुसतं मीठ हाय वो. एका घासात थुकला मी."

महानंदाबाई स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर दोन सारखे डबे, झाकणांवर चिठ्ठ्या. दसऱ्याला डबे घासले तेव्हा झाकणांची अदलाबदल झाली होती. पिठीसाखरेचं झाकण मिठाच्या डब्यावर बसलं होतं. दुसरी कुणी असती तर चिमूट जिभेवर टेकवून कळलं असतं. इथं चाखायची रीत नव्हती, आणि चाखून कळणारी जीभही नव्हती. बालाजीचं विमान तर केव्हाच उडालं होतं.

रविवारपर्यंतचे पाच दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पोरगी एक घास घेईल आणि दीड वर्षाचं खोटं उघडं पडेल. फेकून दे, चुकलंय, असं कळवायला त्यांनी दोनदा फोन उचलला, पण का चुकलं हे सांगायला तोंड कुठून आणणार? दोन्ही वेळा ठेवून दिला.

रविवारी दोनला फोन वाजला. शिवानीपुढं टेबलावर डबा होता, एक बशी, एक खुर्ची. तिनं डोनट उचलून घास घेतला. महानंदाबाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. शिवानीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिनं चावला, गिळला, दुसरा घास घेतला.

"कसा लागायलाय?"

"झकास झालाय, आई."

"गोडाला?"

"बरोबर हाय."

तिनं अख्खा डोनट संपवला. मग तांब्याभर पाणी प्यायली, एका दमात.

महानंदाबाईंचं खोटं तरलं होतं. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण ते पाणी त्यांना बघवलं नाही.

"शिवानी, मीठ हाय ते. चतुराबाई थुकली. तू कशाला खाल्लास?"

शिवानीनं ओठ पुसले. "लिंगाला दाखवून पाठवलास ना? प्रसाद टाकायचा न्हाई, तूच शिकवलंय."

"मला चवच लागत न्हाई गं. ताप आल्यापासून. दर रविवारी खोटंच बोलायले मी."

"माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? इतक्या देशांचं खाल्लंस, एकालाबी नाव ठेवलं न्हाईस. तू, आई! मला काय कळत न्हाई का?"

"मग फोन कशाला करत होतीस?" महानंदाबाईंनी विचारलं.

शिवानी रिकाम्या बशीकडं बघत राहिली. "इथं माझ्यासमोर बसून खाणारं दुसरं कोण हाय?"

इतके दिवस महानंदाबाईंना वाटत होतं की एकटं आपणच पडलोय, लेक भरल्या शहरात आहे. तिच्या टेबलाची ती एक खुर्ची त्यांना दर रविवारी दिसत होती. डोनट पाहायच्या नादात त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. त्यांना स्वतःचा फार राग आला.

शिवानीनं बाजूची पिशवी ओढली आणि त्यातला, शनिवारी आणलेला पोलंडचा डोनट फोनपुढं धरला.

"ह्याला नाव ठेव."

"चव कळत न्हाई, नाव काय ठेवू?"

"तरी ठेव. लय दिवस झाले ऐकून."

महानंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले, चष्मा सारखा केला आणि फोन जवळ धरला.

"तेल तापू दिलं न्हाई मेल्यानं," त्या म्हणाल्या. "बघ की, कडंला पांढरा राहिलाय."

शिवानी हसायला गेली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. महानंदाबाई तशाच फोन धरून बसल्या. तिचं रडणं थांबेपर्यंत त्या पोलंडच्या आचाऱ्याला नावं ठेवत राहिल्या.