तळ्याच्या पानाशी मिटलेली प्रत

मी एक प्रत आहे. माझ्यासारख्या तीन हजार निघाल्या, त्यांतली एक. एका सिंहासनावरून चुलत भावांत झालेलं ते जुनं युद्ध तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. तेच महाकाव्य आमच्यात आजच्या सोप्या भाषेत सांगितलंय, आणि जवळजवळ दर पानावर चित्र आहे. हातात धरायला मी चांगलीच जड आहे.

माझा जन्म मोठ्या खडखडाटात झाला. कोरा कागद यंत्रात शिरायचा, एकेका रंगाखालून जायचा आणि पलीकडून हत्ती, रथ, राजवाडे घेऊन बाहेर पडायचा. माझ्या वेळी तांबडा रंग केसभर सरकला. त्यामुळे युद्धाच्या पानांवर तो रेघेच्या आत राहत नाही, बाहेर ओघळतो. यंत्रावरच्या माणसाने एक पान उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे. युद्धच आहे." अशी मी पास झाले.

मला विकत घेतलं ते एका मुलाने. मुलगा म्हणजे चांगला तिशी ओलांडलेला बाप्या, पण माझी त्याची ओळख त्याच्या वडिलांच्या घरात झाली, म्हणून माझ्या तोंडात मुलगाच बसलंय. नोकरीसाठी तो परदेशी निघाला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, मोठा टाइप आहे. चित्रं पण... म्हणजे बघा निवांत."

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. छापखान्यात त्यांना 'कानामात्रा' म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांनी मला उघडलं, पानावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "सुरेख. चित्र सुरेख आहे."

ते पान कोरं होतं.

मुलगा तेव्हा बॅगेची चेन ओढत होता, त्याला दिसलं नाही. दारात त्याची बायको उभी होती, तिने पाहिलं. बाबांच्या नजरेच्या मधोमध एक डाग पसरत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलेलं. वर्षभर त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

मुलगा गेला. पुढचे पाच महिने मी कपाटावर पडून होते, पाठीवर इस्त्री घेऊन. गरम इस्त्री कधी ठेवली नाही कुणी, एवढे उपकार.

त्या दोन खोल्यांत सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरली होती, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं सख्य नव्हतं. ती शाळा अर्धवट सोडलेली, म्हणून लग्नाच्या वेळी बाबांनी नाक मुरडलं होतं. ती ते विसरली नव्हती. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करून देणं. चार वाजता घरी यायची, चहा ठेवायची, एक कप त्यांच्या हाताशी सरकवायची आणि आत जायची.

एके दिवशी तो कप त्यांच्या हाताने उलथला. समोरच होता, म्हणूनच दिसला नाही. ते पुसायला खाली वाकले आणि कोरड्या फरशीवरच फडकं फिरवत राहिले. ती बघत राहिली थोडा वेळ. मग तिने फडकं काढून घेतलं, जागा पुसली, आणि इस्त्री बाजूला करून मला खाली काढलं.

"वाचून दाखवू?"

"तुला जमेल?"

"नाही जमलं तर सांगा की."

आणि त्यांनी सांगितलंच. पहिल्या पानावर अकरा वेळा. आंधळ्या राजाचं नाव जोडाक्षराचं, तिथे तिची जीभ दर वेळी अडखळायची आणि बाबा खुर्चीतून ते नीट उच्चारून दाखवायचे. चौथ्या दिवशी तिने मला धाडकन मिटलं.

"वाचू का नको ते एकदा ठरवा. मी काही परीक्षेला बसले नाहीये."

बाबांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बरं, मजकूर राहू दे. चित्रात काय आहे ते सांग."

तिने मला पुन्हा उघडलं. "राजा बसलाय. चेहरा लहानसाच काढलाय हो. हात मात्र मोठ्ठे, पंख्यासारखे. सगळं हातानेच बघत असेल ना, म्हणून." तिने बोट पुढे सरकवलं. "शेजारी राणी आहे, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. गाठ घाईघाईत मारलीय. नीट मारली असती तर टोकं अशी लोंबली नसती."

बाबा हसले. त्या घरात मी पहिल्यांदाच हसू ऐकलं. "चित्रं तू चांगली वाचतेस, सूनबाई."

तेव्हापासून रोज साडेचार ते दिवेलागण ही आमची वेळ. तिच्या बोटांना शिवणाचा खडू लागलेला असायचा. माझ्या कडांवर अजून त्याचे निळे-पांढरे ठसे आहेत. बाबांनी चुका काढणं सोडलं नाही, पण आता तिला त्याचा राग येत नव्हता. उलट कधीकधी ती मुद्दाम एखादा शब्द चुकवायची आणि गालातल्या गालात हसत बघत राहायची. सुखाचे दिवस म्हणाल तर माझ्या आयुष्यात एवढेच. तीन महिने असतील.

मग तो निरोप आला.

मी तिच्या मांडीवर उघडी होते. फोन वाजला, तिने तो माझ्या पानांवर धरला, त्यामुळे मलाही दिसला. मुलाने लिहिलं होतं, 'परत यायचं जमेल असं वाटत नाही. इथे एक जण आहे, तिच्यासोबतच राहतो आता. तुला सांगायचं होतं पण. बाबांना तूच बघ काय सांगायचं ते.'

तिचा अंगठा माझ्या पानावर इतका दाबला गेला की तिथे कायमची घडी पडली.

"कुणाचा गं?" बाबांनी विचारलं.

"त्यांचाच." आवाज सरळ ठेवायला तिला किती जोर लागला ते मला मांडीवर कळलं. "बरे आहेत म्हणतात. काम खूप आहे. तुमची आठवण येते म्हणून लिहिलंय."

"असं लिहिलंय?"

"हो."

त्या दिवसापासून घरात दोन पुस्तकं वाचली जाऊ लागली. आधी ती फोन हातात घ्यायची आणि त्यात नसलेलं वाचायची. 'बाबा, औषधं वेळेवर घेत जा.' 'इथे आता थंडी सुरू झाली आहे.' मग मला उघडायची. खरं तर तो निरोप आल्यावर मुलाकडून एक अक्षर आलं नव्हतं. ही फोन करायची, तो उचलायचा नाही. मोरीत नळ सोडून ती दहा-दहा मिनिटं आत उभी राहायची, आणि बाहेर आली की डोळे धुतलेले असायचे.

इकडे माझ्यातलं युद्ध सुरू झालं होतं. आंधळ्या राजाजवळ बसून एक सारथी त्याला रणांगणावरचं सगळं सांगतो. राजा रोज विचारतो, माझी मुलं काय करताहेत? आणि सारथी रोज एकेक मेल्याचं सांगतो. ही पानं वाचताना तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. चित्रांबद्दल बाबा विचारायचे तेव्हा "लाल आहे सगळं" एवढंच म्हणायची.

शेवटी ते पान आलं. सगळं सैन्य संपलंय, राजाचा थोरला मुलगा एकटा उरलाय आणि एका तळ्याच्या पाण्यात लपून बसलाय. चित्रात तळंच आहे नुसतं, काळंनिळं, आणि काठावर ओल्या पावलांचे ठसे. पुढच्या पानावर त्याला बाहेर बोलावतात आणि मारतात.

ती त्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत आली. पान उलटायला कोपरा चिमटीत धरला. आणि सोडून दिला.

"तळ्यात सुरक्षित राहिला तो," ती म्हणाली. "झालं. संपलं पुस्तक."

 बाबा नेहमीसारखी मान थोडी वळवून, डोळ्याच्या कडेने तिच्याकडे बघत म्हणाले, "अगं, हे सगळं मला पाठ आहे. तू वाचलं नाहीस म्हणून काही तो वाचणार नाही."

तिने पुन्हा पानाचा कोपरा चिमटीत धरला.

"आणि फोनवरचा मजकूरही तुझाच आहे."

शेजारी पडलेला फोन तिने उलटा ठेवला.

"माझा मुलगा कधी सगळी वाक्यं पूर्ण लिहीत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून. अर्ध्यावर सोडतो. त्याच्या वह्या मीच तपासायचो. तू वाचतेस ती सगळी वाक्यं नीट संपतात. मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलला का नाहीत?" ती जवळजवळ ओरडलीच. "सहा महिने! सहा महिने मी रोज बसून बनवतेय. दुकानात मशीनवर बसले तरी डोक्यात तेच, आज काय वाचायचं!"

"बोललो असतो तर तू गेली असतीस."

तिने मला उचलून छातीशी धरलं.

"त्याने तुला सोडलं, हे मी ताडलं होतं. मग तुला इथे काय उरलं होतं? पण तू गेलीस तर चारला दार कोण उघडणार? म्हणून गप्प बसलो. ऐकत राहिलो." त्यांनी हात पुढे केला, तो तिच्या खांद्याऐवजी माझ्यावर पडला. "मी तुझे सहा महिने खाल्ले, सूनबाई. त्याने केलं ते केलं, पण हे मी केलं."

"मी कुठे जाणार होते बाबा," ती म्हणाली. पण ते अर्धंच खरं होतं. दुसऱ्या गावी नव्या दुकानात कटिंगचं काम मिळत होतं आणि ती ते दोनदा नाकारून बसली होती. त्या नोकरीच्या पत्राची घडी तिने माझ्यातच ठेवली होती.

"आता खरा निरोप वाच," ते म्हणाले. "आहे तसा."

तिने वाचला. अडखळत, एकेक शब्द सुटा करत. 'तुला सांगायचं होतं पण' इथे वाक्य तुटतं, तिथे तीही तुटली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकही चूक काढली नाही.

महिनाभरात घर आवरलं. बाबांनीच हट्ट धरून स्वतःची सोय वृद्धाश्रमात करवून घेतली. ती नको नको म्हणाली, रडली, भांडली, आणि शेवटी तिनेच त्यांचे कपडे घड्या घालून बॅगेत भरले. मला त्यांनी सोबत मागून घेतलं. कशाला, असं तिने विचारलं नाही.

सुरुवातीला ती दर रविवारी यायची. मग महिन्यातून एकदा. प्रवास लांबचा होता, नवी नोकरी होती, घटस्फोटाच्या तारखा होत्या. ती आली की दोघं बोलायची: डॉक्टर काय म्हणाले, दुकानात कोण कसं आहे. मला उघडायचा विषय कुणी काढला नाही. ती गेल्यावर बाबा मला मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना चित्रं सांगायचे. राजाचे हात, राणीच्या पट्टीची गाठ. स्वतः न पाहिलेली चित्रं ते तिच्या शब्दांत सांगायचे.

एका दुपारी जेवण झाल्यावर ते जरा आडवे झाले आणि उठले नाहीत. मुलाला कळवलं. त्याने उत्तर पाठवलं, 'निघायला जमतंय का बघतो, नाहीतर'. तो आला नाही.

ती आली. सामान घेऊन जायला सही लागते. टेबलावरच्या बाईंनी वही पुढे केली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

तिने पेन टेकवलं आणि थांबली. सून म्हणावं तर कागदोपत्री ते नातं दोन महिन्यांपूर्वी संपलं होतं.

"मी त्यांना वाचून दाखवायचे," ती म्हणाली.

"तसा रकाना नाहीये हो. नातं सांगा."

तिने रकाना मोकळा ठेवून फक्त सही केली. बॅग खांद्याला लावली. मला उचललं, थोडा वेळ दोन्ही हातांत धरलं आणि परत टेबलावर ठेवलं. "हे इथेच असू दे. माझ्याच्याने पुन्हा नाही वाचवणार."

मला राग नाही आला. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता मी आश्रमाच्या दिवाणखान्यात, खिडकीजवळच्या फळीवर असते. उन्हाने माझी पाठ फिकी पडली आहे, बांधणीचा डिंक सुटतोय. कधी कुणी मला काढतं, दोन चित्रं बघतं, जड वाटते म्हणून परत ठेवतं. तळ्यानंतरची पानं अजून कुणी उलटलेली नाहीत. एकमेकींना चिकटून ती तशीच आहेत.

तुम्ही कधी इकडे आलात तर मला तळ्याच्या पानापासून उघडा. पुढे वाईटच आहे, हे मी लपवत नाही. पण वाचा. आणि मनात नको, मोठ्याने वाचा. शेजारी कुणी बसलेलं असेल तर बरंच. नसेल, तरी मोठ्यानेच.