खोटी दवंडी

"निता, डफडं शेक. दवंडी द्या लागते," पंजाबरावांनी दारातूनच फर्मावलं.

निताने अंगणात तुराट्यांचा जाळ केला आणि डफड्याचं कातडं त्यावर धरलं. मेडशीच्या अलीकडच्या त्या गावात ग्रामपंचायतीचा भोंगा होता, पण तो बोलण्यापेक्षा खरखरायचाच जास्त. लोकांचा भरवसा कोतवाल निताच्या दवंडीवर. सासऱ्यांच्या जागी ती कोतवाल म्हणून लागली, तेव्हा त्यांनी तिला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. खोटी दवंडी द्यायची नाही, आणि एकही गल्ली सोडायची नाही. लग्नातल्या डोरल्यासारख्या तिने त्या जपल्या होत्या.

"काय सांगायचं, भाऊ?"

पंजाबराव जत्रा कमिटीचे अध्यक्ष. मिशीला हात लावल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. "सांग, यंदा देवीच्या जत्रेत आपल्या धर्माबाहेरच्या मानसानं दुकान लावायचं नाही. अन् हे पाह्य, मशिदीच्या गल्लीत जाऊ नको. उगाच बोंबाबोंब होते. जत्रेच्या दिवशी आले का वापस धाडू."

निताच्या डोळ्यांपुढे एकच दुकान उभं राहिलं. कुलसुमबीचं, बांगड्यांचं. नवरा निजामुद्दीन गेल्यापासून ती एकटीच कडुनिंबाखाली बसायची, आणि जत्रेच्या कमाईवर तिच्या घरात वर्षाची ज्वारी यायची.

"मी नाही देत अशी दवंडी," निता म्हणाली. "तालुक्याले टरेनिंग होतं आमचं. वकीलबाई सांगत होत्या, धरम पाहून कोनाचं पोट मारता येत नाही. जगातल्या देशायनं मिळून तसं लिहून ठेवलं म्हने, सह्या करून. आपल्याबी देशानं."

"त्या सह्या आपल्या जत्रेत नाही चालत!"

"मंग तुमी बोला. डफडं मी वाजवतो. पन गल्ली एकबी सुटनार नाही. ज्याचं दुकान उठवायचं त्याले पयले सांगा, तोंडावर."

आता मागे सरायचं म्हणजे कोतवालणीपुढे नाक कापून घ्यायचं. "चाल," पंजाबराव गुरगुरले.

निता थेट मशिदीच्या गल्लीकडे वळली. समोरासमोर पाहून हा माणूस बोलणार नाही, असा तिचा अंदाज होता. पण अंदाजच तो. चुकला, तर कुलसुमबीचं दुकान आपल्याच डफड्याच्या तालावर उठणार, हेही तिला कळत होतं.

कुलसुमबीच्या दारापुढे डफडं कडाडलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"अरे, पंजाबभाऊ! बसा ना. मीच येनार होतो तुमच्याकडं. सुप्रियाच्या लगनाचा चुडा काढून ठेवला, तिच्याच मापाचा. तिले जत्रेत घेऊन या, पयल्या बांगड्या तिच्याच हातात भरतो." मग तिने निताकडे पाहिलं. "दवंडी कायची हाय वं?"

शेजारपाजारच्या बायका दारात आल्या होत्या. पंजाबरावांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच अडकला. त्यांच्या लेकीच्या, सुप्रियाच्या, बारशाच्या बांगड्याही याच बाईने भरल्या होत्या. "यंदा... जत्रेत..." ते कसेबसे म्हणाले.

"उद्या नळाले पानी येनार नाही होऽऽ!" निता एकदम ओरडली. "भरून ठेवा होऽऽ!"

"हो, हो. भरून ठेवा," पंजाबराव घाईने म्हणाले आणि तरातरा चालू लागले.

निता तिथेच उभी राहिली. उद्या पाणी येणार होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण याच एका गल्लीत सांगून थांबलं, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी विचारणार, आणि खरी गोष्ट फिरून कुलसुमबीच्या कानावर जाणार. निता पुढच्या गल्लीत शिरली. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक चौकात तिने तीच खोटी दवंडी दिली.

दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी आलं. घरोघरी पिंपं, हंडे, पोळ्यांचे डबेसुद्धा भरलेले! गावाला आयता विषय मिळाला. "निता, आज सूर्य उगवनार हाय ना?" म्हणून लोक तिला रस्त्यात अडवू लागले. तिची इतक्या वर्षांची कमाई अशी हसण्यावारी गेली, तरी निताने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही. खरंच, मोठी बाई. पंजाबरावांनी मात्र दुकानांचा विषय कमिटीत पुन्हा काढला नाही.

जत्रेत कुलसुमबी कडुनिंबाखाली आपल्या जागेवर बसली होती. सुप्रियाचा हात तिच्या हातात होता. पंजाबराव कमिटीचा बिल्ला लावून लेकीच्या मागे उभे होते. पालखीपुढे वाजवायला निघालेली निता तिथून जाताना कुलसुमबीने तिला थांबवलं.

"काहून वं, निता? तुह्या सासऱ्याची दवंडी कधी खोटी निघाली नाही. त्या दिवशी तुले कोनं सांगतलं होतं, पानी येनार नाही म्हनून?"

पंजाबरावांची मान खाली गेली. निताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"कोनं नाही, चाची. माहीच चूक झाली."

"होते कधी कधी," म्हणत कुलसुमबीने सुप्रियाच्या मनगटावर पुढची बांगडी चढवली.

निताने डफडं काखेत मारलं. पंजाबराव बाजूला सरले आणि त्यांनी गर्दीतून तिला वाट करून दिली.